चूल नसलेल्यांचं शहर

१९२१च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशे बायकाही नव्हत्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पेढ्यांवर काम करायला गडी माणसं आली. बायकापोरं आणि म्हातारे आईबाप गावी शेतावर राहिले. आलेल्या माणसाला एखाद्या खोलीत पथारीपुरती जागा मिळायची, चूल मांडण्याइतकी नाही. मुंबईच्या हॉटेलांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथून करायला हवी. खानावळ, उडुपी, इराणी, चिलिया, परमिट रूम. आज आपण ज्या प्रकारांची नावं कौतुकानं घेतो, त्यांतला जवळपास प्रत्येक प्रकार या सड्या माणसाच्या भुकेवर वाढला. शौकीन गिऱ्हाईक पुष्कळ नंतरचं.

यांतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी लिहिली गेलेली संस्था म्हणजे गिरणगावातली खानावळ. तिला पाटी नव्हती, गल्ला नव्हता, टेबलखुर्ची तर नव्हतीच. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी इथल्या चाळीतली एखादी बाई आपल्या राहत्या खोलीतच दहा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायची. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली. जेवायला येणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. बाई रत्नागिरीकडची असली की मेंबरही बहुधा तिकडचे. घाटावरची असली की साताऱ्या-कोल्हापूरचे. त्यामुळे माणूस मुंबईत राहूनही आपल्याच मुलखाच्या वाटणाचं कालवण जेवायचा. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणजे चूलही तीन पाळ्यांत. पहिल्या पाळीवाल्याला पहाटे काहीतरी पोटात घालून पाठवायचं, दुपारी सुटून आलेल्याला गरम वाढायचं, रात्रपाळीवाल्याची वेळ आणखी वेगळी. मधल्या वेळात बाजार, दळण, पाणी भरणं. स्वतःची मुलं याच खोलीत, मेंबर जेवून उठले की त्याच जागेवर अभ्यासाला बसायची.

पैसे मिळायचे ते गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि तीही भागेना तर भरमसाट व्याजानं सावकाराचा पैसा. महिनाभर राबून हातात येई ते व्याजात जाई. या बायका कष्टकरी आहेत, त्या एक धंदा चालवतात, हे पतपुरवठ्याच्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं. ते धरायला लावलं प्रेमा पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत रुजलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. छोट्या माणसाला कर्ज मिळेल असं सांगितलं जात होतं. मग आम्हाला का नाही, असा सरळ सवाल घेऊन या बायका बँकेच्या दारात गेल्या. तारण ठेवायला काही नव्हतं, तेव्हा एकमेकींची हमी घेतली. कर्ज मिळालं आणि त्यांनी ते फेडलंही. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर मुंबईच्या खाद्येतिहासात एकाच व्यक्तीचं नाव घ्यायचं झालं, तर ते याच बाईचं घ्यावं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला तशी खानावळीची वसुली थांबली, मेंबर एकेक करून गावाकडे गेले आणि बाईच्या माथ्यावर वाण्याची बाकी तेवढी राहिली. संपात उद्ध्वस्त झालेल्यांच्या यादीत या स्वयंपाकिणी क्वचितच सापडतात.

उडुपी हॉटेलाचं नशीब बरंच उजळ. दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या मंडळींनी ते उभं केलं. उडुपीच्या श्रीकृष्ण मठात रोज पंगती उठतात. शेकडो लोकांसाठी एका चवीचं, स्वच्छ, शाकाहारी रांधायची शिस्त तिथल्या आचाऱ्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. ती शिस्त मुंबईत गाठायची तर माटुंग्याला जावं. राम आश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं आणि स्टेशनला लागून पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग १९४२चं. मद्रास प्रांतातून कारकुनी करायला आलेले तरुण हे अशा बोर्डिंगांचं पहिलं गिऱ्हाईक. आजही इथे केळीच्या पानावर भात, रसम, सांबार, भाज्या, पापड, ताक असं साग्रसंगीत वाढतात, आणि गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात डोकावायची मुभा आहे. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. परक्या शहरात परक्याच्या हातचं खाणाऱ्याला सर्वांत आधी हवा असतो भरवसा. चव पुढची गोष्ट.

उडुप्यानं मुंबईला आणखी एक गोष्ट दिली, ती पानात दिसत नाही. गावाकडून आलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा आधी टेबलावर फडकं मारायचा, मग पाणी द्यायचा, मग ऑर्डर घ्यायचा, मग गल्ल्यावर बसायचा. संध्याकाळनंतर कन्नड रात्रशाळा. त्यातले काही शिकून बँकांत गेले, वकील झाले. काहींनी स्वतःचं हॉटेल टाकलं. कोवळ्या वयात पोरांना राबवलं जाई, हेही तितकंच खरं. ती गोष्ट कौतुकाखाली झाकू नये.

इराण्यांबद्दल इतकं लिहून झालंय की थोडक्यात आटोपतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधल्या यझ्द, केरमान भागांतून गरिबीला आणि छळाला कंटाळून ही माणसं आली. धोबीतलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का, मावा केक, खिमा पाव. टेबलावर बसलेल्याला जात न विचारणं ही त्यांची खरी कमाई. जातवार खानावळींच्या त्या काळात इराण्याकडे कुणीही कुणाहीशेजारी बसून एका चहावर तासभर पेपर वाचायचा. इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली, इतकी ती जागा शहराच्या अंगवळणी पडली होती. पालनपूरकडच्या चिलिया मुसलमानांनी पुढे याच धर्तीवर हॉटेलं चालवली. कुलाब्याच्या ऑलिम्पियात सकाळी खिमा पाव खायला टॅक्सीवाला आणि वकील एका बाकावर बसतात, ते याच रीतीनं.

ऑलिम्पियाच्याच रस्त्यावर १८७१चं लिओपोल्ड कॅफे आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात तिथे माणसं मारली गेली. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत आणि काही दिवसांतच दार उघडलं. चार पावलांवरच्या माँडेगारमध्ये व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं भिंतभर आहेत. बिअर घ्या न घ्या, ती चित्रं सावकाश पाहावीत. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसानं मुंबईची गर्दी जेवढ्या मायेनं काढली तेवढी फार थोड्यांनी काढली असेल.

गोव्याचा आणि मुंबईचा संबंध मारिओंच्याही आधीचा. जहाजावर काम करणाऱ्या गोवेकरांसाठी धोबीतलाव, माझगाव भागांत गावोगावचे कूड होते: एकेका गावाची एकेक जागा, ओळीनं लावलेल्या ट्रंका, भिंतीवर अल्तार. कोकणातल्या गावकरी मंडळांच्या खोल्याही याच जातीच्या. याच वस्तीच्या आधारानं गोमंतकी आणि मालवणी हॉटेलं तगली. सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी हे ताट आज फोर्टपासून वांद्र्यापर्यंत मिळतं आणि त्यासाठी लोक दुपारी रांग लावतात. दादरला १९१०पासून मामा काण्यांचं स्वच्छ उपाहारगृह बटाटेवडा देतंय. दादर स्टेशनाबाहेरच अशोक वैद्य यांनी १९६६च्या सुमारास वडा पावात घातला असं मानलं जातं. गाडी पकडायच्या घाईत असलेल्या, ताटावर बसायलाही सवड नसलेल्या माणसाचं ते जेवण.

परमिट रूमचा जन्म कायद्यातून झाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. बंदीच्या काळात वस्त्यावस्त्यांतून ‘आंटी’चे गुत्ते चालले; बंदी सैल झाली तेव्हा परवाना बाळगणाऱ्यांसाठी हॉटेलात वेगळी खोली आली. पिणाऱ्याला परवाना लागतो ही तरतूद अजून कागदावर आहे. बहुतेक परमिट रूम किनारी कर्नाटकातून आलेल्या शेट्टींच्या, म्हणजे उडुपीवाल्यांच्याच मुलखातल्यांच्या. मंद दिवा, चण्याफुटाण्यांची बशी, एकट्यानं बसलेली माणसं. उंची बारमध्ये एकटा माणूस अवघडून बसतो. इथे तोच मुख्य गिऱ्हाईक आहे आणि त्याला कुणी उठवत नाही.

आज लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर चकचकीत रेस्टॉरंट्स उभी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून चौदा जण गेले. त्या आवारांत उत्तम जेवण मिळतं, हे नाकारायचं कारण नाही. पण तिथल्या एका थाळीच्या पैशांत तिथल्याच पहारेकऱ्याचा कित्येक दिवसांचा घास निघेल.

चूल नसलेला माणूस अजून या शहरात येतोच आहे. पार्सल पोचवणारा, लादी बसवणारा, वॉचमन, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, आता नर्सिंग शिकणाऱ्या मुलीही. १९९५ मध्ये सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आणली. दोन्ही पावलं चांगल्या हेतूनं पडली, पण सरकारी योजना सरकारबरोबर बदलते. खानावळ टिकते ती जागा परवडली तर. म्हणून माझी मागणी साधी आहे: चाळी पाडून मनोरे बांधताना प्रत्येक आवारात तळमजल्यावर एक गाळा कमी भाड्यानं खानावळीसाठी राखून ठेवावा, आणि तो चालवायला त्याच वस्तीतल्या बायकांच्या गटाला द्यावा. तोवर तुमच्या घराजवळच्या गल्लीत एखादी बाई राइस प्लेट देत असेल, तर महिन्यातून चार वेळा तरी तिच्याकडे जेवा आणि पैसे रोख द्या.