जनुक-चाचणी आधी की सोनोग्राफी?

उल्हासनगरला जनुकांची भाषा नवी नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त असते. म्हणून लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवालही पाहावा, हे इथल्या अनेक घरांना वेगळे समजवावे लागत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. हिशेब सरळ आहे.

हिपॅटायटिस आणि यकृताचा कर्करोग यांच्या बाबतीत मात्र जनुकांचा हिशेब असा जुळत नाही.

‘ड’ जीवनसत्त्व शरीरात संप्रेरकासारखे काम करते. त्याचा निरोप पेशीत स्वीकारणारे एक प्रथिन असते, त्याला ‘व्हीडीआर’ म्हणतात. त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात माणसामाणसांत बारीक फरक असतात. फॉकआय, बीएसएमआय, एपीएआय, टॅकआय ही त्यांची नावे. हे दोष नव्हेत, निरोगी माणसांतही ते सर्रास सापडतात. फॉकआयच्या एका रूपात प्रथिन ४२७ अमिनो आम्लांचे बनते, दुसऱ्यात ४२४चे, आणि आखूड प्रथिन किंचित अधिक तत्पर असते. पेशींची वाढ आवरणे आणि प्रतिकारशक्ती सांभाळणे यांत ‘ड’चा हात असल्याने संशोधकांना प्रश्न पडला: यकृतात विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असेल, तर या फरकांमुळे काहींना कर्करोगाचा धोका वाढतो का?

इटलीतील संशोधकांना २०१०मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांत असा संबंध दिसला, पण तो दारूमुळे सिरॉसिस झालेल्यांत अधिक ठळक होता. तैवानमध्ये हिपॅटायटिस ‘सी’च्या रुग्णांत एपीएआयकडे बोट गेले, तर चीनमध्ये ‘बी’च्या रुग्णांत फॉकआयकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळा फरक पुढे येतो, कारण रुग्णांची संख्या मर्यादित, विषाणू वेगळा, लोकसमूहही वेगळा. शिवाय एक गोची आहे. ‘ड’वरची पहिली प्रक्रिया यकृतातच होते. यकृत बिघडले की ‘ड’ कमी पडते. मग ‘ड’ कमी होते म्हणून आजार बळावला, की आजार बळावला म्हणून ‘ड’ कमी झाले?

पहाटेची बदलापूर लोकल पकडून अंधार पडल्यावर घरी परतणाऱ्याच्या रक्तात ‘ड’ कमी निघाले तर नवल नाही. हाडांसाठी ते भरून काढावेच, पण डॉक्टरांना विचारून. ६० हजार युनिटची पुडी मनाने महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणि कर्करोग टळेल म्हणून ती घेण्याला आधार नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट ‘ड’ घेऊनही कर्करोग होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. निष्कर्ष २०१८मध्ये आले.

या पट्ट्यात आणखी एक घोळ होतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ची असते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ‘बी’ आणि ‘सी’ पसरतात रक्तातून, असुरक्षित सुईतून. ‘बी’ तर बाळंतपणात आईकडून बाळालाही आणि लैंगिक संबंधांतूनही. त्यांत डोळे पिवळे होतीलच असे नाही. पूर्वी न तपासलेले रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांना ‘सी’ची लागण झाली, कारण तो विषाणू ओळखूच मुळी १९८९मध्ये आला. कित्येकांना तर रक्तदानानंतर रक्तपेढीचा फोन येतो तेव्हाच कळते. काही त्रास नाही म्हणून तो कागद कपाटात जातो. यकृताच्या कर्करोगाला बळ देणारी खरी चूक ती आहे, व्हीडीआर नव्हे.

कारण पुढची वाट ठाऊक आहे. ‘सी’ बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ‘बी’ सहसा पूर्ण जात नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यात टेनोफोव्हिरसारखे औषध त्याला दाबून ठेवते आणि कर्करोगाचा धोकाही कमी करते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सिरॉसिस असलेल्यांनी, तसेच ‘बी’ असलेल्या चाळिशीपुढील पुरुषांनी आणि पन्नाशीपुढील स्त्रियांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करायची असते, सोबत बहुधा एएफपी ही रक्ततपासणी. घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याही आधीपासून. ‘बी’मध्ये सिरॉसिस नसतानाही गाठ होऊ शकते, हे विशेष लक्षात घ्यायचे. गाठ लहान असताना सापडली तर ती काढता येते; पोट फुगल्यावर हाती फारसे पर्याय उरत नाहीत.

अहवालात ‘बी’ निघाला, तर जोडीदाराची, भावंडांची आणि मुलांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही, त्यांना लसीचे तीन डोस: पहिला लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. आणि नवजात बाळाला पहिल्या २४ तासांच्या आत.