हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन

हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, अर्थात सीपीआर, हा हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या व्यक्तीवर करावयाचा तातडीचा प्रथमोपचार आहे. यात छातीवर लयबद्ध दाब देऊन मेंदू व हृदय यांचा रक्तपुरवठा काही प्रमाणात चालू ठेवला जातो. आवश्यकतेनुसार तोंडावाटे कृत्रिम श्वासही दिला जातो. ही कृती थोड्या वेळात शिकता येते, परंतु सरावाअभावी ती लवकर विसरली जाते. त्यामुळे तिच्या प्रशिक्षणाची वेळोवेळी उजळणी करावी लागते.

गरज

हृदय थांबल्यावर व्यक्ती काही सेकंदांत बेशुद्ध होते आणि प्राणवायूअभावी साधारणतः ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. एवढ्या अवधीत रुग्णवाहिका पोहोचेलच असे नाही. त्यामुळे रुग्णाचे भवितव्य बहुधा जवळ असलेल्या कुटुंबीयांच्या, सहकाऱ्यांच्या किंवा वाटसरूंच्या हाती असते.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या भिन्न अवस्था आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो व त्यास सीपीआर देत नाहीत. मात्र झटक्यामुळे पुढे हृदयक्रिया बंद पडू शकते.

इतिहास

१९५० च्या दशकात पीटर सफार यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याची परिणामकारकता दाखवून दिली. १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोहोंच्या संयोगातून आजचा सीपीआर सिद्ध झाला. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आसमुंड लेर्डाल यांनी सरावासाठी ‘रिससी अ‍ॅन’ हा पुतळा तयार केला.

कृती

प्रथम परिसर सुरक्षित असल्याची खात्री करतात. रुग्णाचे खांदे हलवून त्यास मोठ्याने हाक मारतात. प्रतिसाद नसेल आणि श्वास बंद असेल किंवा केवळ आचके येत असतील, तर तत्काळ मदत बोलावतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हे क्रमांक आहेत.

रुग्णास कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका हाताच्या तळव्याची टाच व तिच्यावर दुसरा हात ठेवतात. कोपर ताठ ठेवून प्रौढ व्यक्तीच्या छातीवर ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देतात. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ देणे आवश्यक असते, कारण त्या क्षणी हृदयात पुन्हा रक्त भरते. प्रशिक्षित व्यक्ती ३० दाबांनंतर २ श्वास देते. अप्रशिक्षित व्यक्तीने केवळ दाब देत राहावे, असा संकेत आहे. बुडालेल्या व्यक्ती व लहान मुले यांच्या बाबतीत मात्र श्वासाचे महत्त्व अधिक असते, कारण त्यांच्यात मूळ अडचण बहुधा श्वसनाची असते.

दाब देणारा दमला की दाब उथळ होतात. म्हणून सुमारे दर २ मिनिटांनी व्यक्ती बदलतात. स्वयंचलित विद्युतधक्का यंत्र (एईडी) उपलब्ध होताच त्याच्या सूचनांप्रमाणे ते वापरतात.

कौशल्याची उजळणी

अनेक संस्थांची प्रमाणपत्रे दोन वर्षे ग्राह्य असतात. परंतु दाबांची खोली व गती यांवरील पकड प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच सैल होऊ लागते. त्यामुळे दीर्घ कालावधीने होणाऱ्या एका मोठ्या वर्गापेक्षा, पुतळ्यावर वारंवार केलेला अल्पकालीन सराव अधिक उपयुक्त मानला जातो. कृती पाठ असणे पुरेसे नसते. किती जोर लावावा हे हातांनाच उमगावे लागते.

उजळणीचे दुसरे कारण म्हणजे बदलती मार्गदर्शक तत्त्वे. प्रौढांसाठी पूर्वी १५ दाबांनंतर २ श्वास देत. २००५ मध्ये हे प्रमाण ३०:२ झाले. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने श्वासाऐवजी दाबांपासून प्रारंभ करण्याचा क्रम स्वीकारला. जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना हे बदल उजळणीविना कळणे कठीण असते.

भारतातील स्थिती

इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सर्वसामान्यांसाठी केवळ दाबांवर आधारित ‘कॉल्स’ ही पद्धत पुरस्कृत केली आहे. रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यांना मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर संरक्षण दिले आहे.