दोन जिवांचा ताप

दिवस गेलेल्या बाईला सर्दी-ताप आला की घरात पहिला संशय औषधावर जातो. "पोटात बाळ आहे, गोळी नको. काढा घे, दोन दिवसांत उतरेल." हे मायेपोटीच बोललं जातं. पण शंभर वर्षांतल्या साथी सांगतात, की धोका गोळीपेक्षा वाट बघण्यात जास्त असतो.

१९१८ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, मुंबई बंदरातून देशात शिरली आणि एक कोटीहून अधिक बळी घेऊन गेली. त्याच साथीतल्या १,३५० गरोदर स्त्रियांची पाहणी अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक दगावल्या. एकूण मृत्यूचं प्रमाण २७ टक्के होतं. पुढे प्रतिजैविकं आली, अतिदक्षता विभाग आले. तरी २००९च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या मृतांमध्ये सुमारे ५ टक्के गरोदर स्त्रिया होत्या. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण होतं जेमतेम १ टक्का.

आईचा श्वास

कारण शरीराच्या रचनेतच आहे. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकवतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा २० टक्क्यांच्या आसपास घटते आणि ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढीच वाढते. मिळकत घटलेली, खर्च वाढलेला आणि गाठीला काही नाही, अशा घरासारखी ही अवस्था. एरवी सोसवणारा न्यूमोनिया इथे झपाट्याने जिवावर बेतू शकतो. त्यातच बाळाला परकं न मानण्यासाठी रोगप्रतिकारशक्तीही आपला पवित्रा बदलते आणि काही विषाणूंशी लढताना कमी पडते.

बाळापर्यंत काय पोचतं?

फ्लूचा विषाणू सहसा वार ओलांडत नाही. बाळाला झळ लागते ती आईच्या आजारपणाची. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. त्या काळातला तीव्र ताप ती अर्धवट राहण्याचा धोका वाढवतो. नंतरच्या महिन्यांत आईचा ऑक्सिजन घसरला, अंगात दाह वाढला, तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन, क्वचित पोटातच मृत्यू असे परिणाम होतात. कोविडमध्ये काही वेळा वारेलाच इजा झाल्याचं आढळलं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१मध्ये गरोदर स्त्रियांमधल्या आणि बाळंतिणींमधल्या कोविडची आकडेवारी दिली. पहिल्या लाटेत बाधितांपैकी १४.२ टक्के जणींना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं. गरोदर स्त्रियांना कोविडच्या लशीची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरत आल्यावर.

संरक्षणाचीही वाट तीच

सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. पण आईने गरोदरपणात घेतली, तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांमधला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्ये फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांना अग्रक्रम दिला. ही लस इंजेक्शनची, निष्क्रिय विषाणूची असावी. नाकात फवारायची, जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत.

ताप आलाच तर

ताप अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. फ्लूची शंका असेल तर ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं सर्वांत उपयोगी, म्हणून डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत. धाप लागणं, छातीत दुखणं, ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. काढा किंवा गरम पेज घशाला आराम देईल, पण औषधाची जागा घेणार नाही. बाळंतिणीला फ्लू झाला तरी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजता येतं.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. तेव्हा दिवाळीनंतरच्या तपासणीत लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेताना डॉक्टरांना फ्लूच्या लशीबद्दलही जरूर विचारा.