मोठे टायर, मोजकी उंची

पिकअपखाली वाकून पाहिले, तर मागच्या दोन चाकांना जोडणारा जाडजूड अ‍ॅक्सल दिसतो आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा. खडकाळ वाटेवर बहुतेक वेळा दगडाला आधी आपटतो तो हाच. हौशी मालक सस्पेन्शन किट बसवून गाडी तीन-चार इंच उचलून घेतात. बोनेट छातीपर्यंत येते, आत चढायला पायरी लागते. पण हा गोळा जमिनीपासून जितका वर होता तितकाच राहतो. तो स्प्रिंगच्या खाली असतो आणि किटने उचलला जातो तो स्प्रिंगच्या वरचा डोलारा. साध्या अ‍ॅक्सलच्या गाडीत हा गोळा वर न्यायचा तर टायरची त्रिज्या वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

टायरच्या अंगावर छापलेल्या आकड्यांवरून याचा हिशेब घरबसल्या करता येतो. २६५/६५ आर १७ हा पिकअपवर नेहमी दिसणारा आकार. त्याची रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १७२ मिलिमीटर आणि रिम १७ इंच, म्हणजे ४३२ मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास ७७६ मिलिमीटर भरतो. त्याजागी २८५/७० आर १७ चढवला तर व्यास ८३१ होतो. वाढ ५५ मिलिमीटरची, पण अ‍ॅक्सल चाकाच्या केंद्रात असल्यामुळे तो वर जातो त्याच्या निम्मा, २७ मिलिमीटर. एवढीशी वाढही दगडधोंड्यांत उपयोगी पडते. शिवाय मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि पायरीसारख्या अडथळ्यावर सहज चढते.

मग गाडी उचलायची कशाला? मोठा टायर मडगार्डला आणि चॅसीला घासू नये म्हणून. स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना चाक खड्ड्यातून उसळून वर आले की त्याला जागा लागते. ती जागा दोन तऱ्हांनी मिळते: गाडी वर न्यायची किंवा पत्रा कापायचा. माझ्या मते सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न या निवडीतच सुटतो किंवा बिघडतो.

आइसलँडने पत्रा कापायचे ठरवले. वात्नायोकुलसारख्या हिमनद्यांवरून गाड्या नेणाऱ्या या देशात १९९० पासून आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपना ३८ आणि ४४ इंची टायर बसवून देते. ३८ इंच म्हणजे ९६५ मिलिमीटर, वरच्या मूळ टायरपेक्षा जवळजवळ १९० मिलिमीटर जास्त. ही सगळी जागा केवळ उचलून मिळवायची म्हटले तर गाडी शिडीवर उभी केल्यासारखी होईल. तिथले कारागीर चाकाभोवतीचा पत्रा कापून नव्याने जोडतात, वर रुंद मडगार्ड बसवतात, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढवतात, डिफरन्शियलचे दाते बदलतात आणि उरलेल्या गरजेपुरतीच उंची देतात. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ची मंडळी २००७ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागी पोहोचली, ती अशाच ३८ इंची टायरांच्या हायलक्समधून.

बर्फावर एवढे मोठे टायर लागतात ते हवा कमी करता यावी म्हणून. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. दोन टनांच्या गाडीत प्रत्येक चाकावर ५०० किलो भार आला आणि टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असली, तर जमिनीला टेकणारा भाग जेमतेम २०० चौरस सेंटिमीटर. आइसलँडचे चालक मऊ बर्फावर दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरतात. तेव्हा हा भाग कित्येक पटींनी पसरतो आणि गाडी बर्फात न रुतता वर तरंगते. एवढी हवा सोडूनही रिम जमिनीला टेकत नाही, कारण टायरच्या पोटात हवेला भरपूर जागा आहे. ही करामत टायरची आहे, उंचीची नाही.

अमेरिकेत मात्र उंचीचेच वेड पसरले. सेंट लुईसच्या बॉब चँडलरने १९७०च्या दशकात फोर्ड एफ-२५० वाढवत नेऊन ‘बिगफूट’ उभी केली, आणि राक्षसी चाकांच्या त्या गाडीने तिथल्या तरुणांना भुरळ घातली. ते यंत्र मैदानातल्या खेळासाठी होते. रस्त्यावरच्या गाडीला वळणे घ्यावी लागतात.

वळणावर काय होते ते एका गुणोत्तरातून कळते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाडीच्या उलटण्याचा धोका ठरवताना हेच गुणोत्तर वापरते. मोटारींमध्ये ते साधारण १.३ ते १.५ असते, एसयूव्ही आणि पिकअपमध्ये १.० ते १.३. उदाहरणादाखल चाकांमधले अंतर १५४० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरू. उत्तर येते १.१. गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटर वर गेला की ते ०.९९ वर घसरते. स्प्रिंग आणि टायर दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात मर्यादा याहूनही आधी गाठली जाते. कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी उलटण्याआधी सहसा घसरते, पण घसरत जाऊन चाक कठड्याला अडले किंवा मऊ मातीत रुतले की वरचा भार पुढे झेपावतो. टपावर तंबू आणि पाण्याचे कॅन बांधले असतील, तर हिशेब आणखी बिघडतो. म्हणून चाकांमधले अंतर वाढवण्याला महत्त्व आहे. तेही बेताने, कारण चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरचा ताण वाढतो.

उंचीचे दुसरे परिणाम डोळ्यांना दिसत नाहीत. ते कोनांत दडलेले असतात. मागच्या बाजूला पाट्यांची कमान आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवून गाडी उचलणे स्वस्त पडते. पण त्याने प्रोपेलर शाफ्ट तिरपा होतो. शाफ्टचा क्रॉस जॉइंट तिरपा फिरताना दर फेऱ्यात दोनदा किंचित वेगावतो आणि दोनदा मंदावतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्का असतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले, तर एकाची थरथर दुसरा पुसून टाकतो. ठोकळ्याने हा मेळ बिघडला की गाडी ठरावीक वेगाला गुरगुरू लागते आणि क्रॉस लवकर झिजतात. जाणकार मेकॅनिक मोजून पाचर लावतो आणि कोन जुळवतो. ठोकळा जितका उंच, तितका तो तरफेसारखा पाट्यांना पिळतो, म्हणून ठोकळ्यावर ठोकळा रचू नये. पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळा अजिबात नको. जोरात ब्रेक लागला तर तो जागेवरून निसटू शकतो आणि पुढची चाके म्हणजे स्टिअरिंग.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर तिथे सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट यांच्या हालचालीला मर्यादा आहेत. स्प्रिंगवर चकती ठेवून उचलणारे जाणते कारागीर साधारण ५० मिलिमीटरवर थांबतात. त्यापुढे वरचा आर्म बदलावा लागतो, डिफरन्शियल खाली घ्यावे लागते. नाहीतर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होण्याचा गुण मंदावतो. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलण्याचा प्रकारही आहे. त्यात हे कोन शाबूत राहतात, पण स्टिअरिंगचा दांडा, इंधनाची नळी आणि वायरिंग ताणले जात नाही ना हे पाहावे लागते.

टायरही काही फुकट मिळत नाही. ब्रेकचे बळ तेच, पण ते जमिनीपर्यंत पोहोचते लांबलेल्या त्रिज्येतून. ८३१ मिलिमीटरच्या टायरवर तेवढ्याच पेडलला रोखण्याची ताकद साडेसहा टक्क्यांनी घटते. वजन दीडपट झाले, तर फिरत्या टायरचे जडत्व १.७ पट होते, कारण ते त्रिज्येच्या वर्गाने वाढते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळत असते. ४.१ चे क्राउन-पिनियन ३.८३ चे असल्यासारखे वागते. घाटात इंजिन दमते. म्हणून डिफरन्शियलचे दाते बदलणे आणि स्पीडोमीटरची नोंद दुरुस्त करणे या कामाचाच भाग आहे. चालकाला सावरणारी स्थिरता-प्रणाली मूळ उंचीच्या आणि मूळ चाकांच्या हिशेबाने बसवलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

रस्त्यावर आपण एकटे नसतो. अमेरिकेत मोटारींच्या बंपरसाठी जमिनीपासून ४०६ ते ५०८ मिलिमीटर हा पट्टा ठरलेला आहे. पिकअपची धडक झेलणारी चौकट मोटारीच्या चौकटीला भिडावी, असा करार तिथल्या वाहन कंपन्यांनी २००३ मध्ये स्वेच्छेने केला आणि सप्टेंबर २००९ पर्यंत अमलात आणला. उंच केलेली गाडी हा मेळ मोडते. तिची चौकट समोरच्या मोटारीच्या चौकटीवरून थेट काचेकडे जाते. पुढून उंच आणि मागून खाली अशा गाड्यांच्या चालकाला तर पुढचा रस्ताच नीट दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करण्यावर बंदी घातली.

भारतात वाट आणखी अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांची आवड असलेल्यांनी किट मागवण्याआधी हे वाचायला हवे. बंदिस्त खासगी जागेतल्या स्पर्धेची गाडी आणि रोज मुलांना शाळेत सोडणारी गाडी एक नसावी, असे मला मनापासून वाटते.

कायद्याने परवानगी आहे अशा ठिकाणी काम करायचे, तर गॅरेजमधला धोका वेगळा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. सपाट, टणक जमिनीवर भक्कम लोखंडी स्टँड चॅसीखाली लागल्याशिवाय कोणी आत शिरू नये. सर्वांत फसवी असते ती दाबलेली कॉइल स्प्रिंग. मिलिमीटरला ९० न्यूटन ताठपणाची स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात सुमारे ६५० ज्यूल ऊर्जा साठते. ६५ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे इतकी ही ऊर्जा, आणि ती सुटते क्षणार्धात. म्हणून वरचा नट सोडण्याआधी मजबूत कॉम्प्रेसर हवा. मागचे यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात. ते नवेच घ्यावेत, टॉर्क पान्याने आवळावेत आणि ८०० किलोमीटरच्या आसपास पुन्हा तपासावेत.

नंतर व्हील अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली आणणे आणि एक चाचणी, जी घाईत टाळली जाते. एक पुढचे चाक उतारावर चढवून सस्पेन्शन शेवटापर्यंत दाबायचे आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचे. टायर कुठे घासतो का ते पाहायचे. मग जॅकने चॅसी उचलून चाक मोकळे लोंबू द्यायचे आणि ब्रेकची रबरी नळी हाताने चाचपायची. तिच्यात थोडा तरी ढिलेपणा उरला पाहिजे. नळी ताठ लागली, तर लांब नळी येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.