बाहेर पडण्याची वाट

रायगडावरील हिरकणीची कथा बहुतेक श्रोत्यांना पाठ असेल. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले, दूध घालावयास आलेली गवळण आंत अडकली, आणि घरच्या तान्ह्या मुलाच्या ओढीनें ती अंधारांत कडा उतरून गेली. तिच्या धैर्याचें कौतुक सारेच करतात. पण त्या कथेंत आणखीहि एक गोष्ट आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दरवाजा लावणारानें आपलें काम चोख केलें होतें. शत्रूला आंत येऊं द्यावयाचें नाहीं एवढेंच त्याचें काम. आंतल्या माणसाला बाहेर जाणें भाग पडलें तर त्यानें काय करावें, याचा विचार त्या अडसरांत नव्हता. पुढें, ती उतरली त्या जागीं बुरूज बांधविला, असें कथाच सांगते; म्हणजे जी एक वाट सांपडली होती तीहि बंद झाली. किल्ल्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. घराच्या दृष्टीनें तसें म्हणतां येत नाहीं. कारण किल्ल्याचा शत्रु बाहेरून येतो आणि घरांतला अग्नि बहुधा आंतच पेटतो.

सानपाड्यासारख्या वस्तींत राहणाऱ्या कुटुंबांना हा भेद विशेष लागू पडतो. सानपाडा हें खाडीकांठच्या पट्ट्यांतील जुनें गांव. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि त्यानंतर नवी मुंबई जशी वाढली तसें गांवठाणाभोंवती शहर उभें राहिलें. गांवांतल्या घराला पुढचें अंगण आणि मागचें दार असे. पुढें आलेल्या तीनचार मजल्यांच्या घरांत जिना एकच, पण तो आंखूड. हांक मारली तर खालीं ऐकूं जाई. आतां पाम बीच रस्त्याच्या बाजूस जे उंच मनोरे झाले आहेत, त्यांतील रहिवासी लिफ्टनें वर जातो आणि लिफ्टनेंच खालीं येतो. पांच पांच वर्षें एका मजल्यावर राहून दुसरा जिना कोठें उतरतो हें ज्यानें पाहिलें नाहीं, असा गृहस्थ शोधावा लागत नाहीं.

ऑक्टोबर २०२५ मध्यें, ऐन दिवाळींत, शेजारच्या वाशींत सेक्टर १४ मधील एका उंच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ती अकराव्या व बाराव्या मजल्यांपर्यंत पोहोंचली. चार माणसें दगावलीं. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. वाशीच्या पुढलेंच स्थानक सानपाड्याचें. अशी बातमी वाचली म्हणजे मनुष्य प्रथम घरांतल्या विजेच्या तारा आणि गॅसची नळी तपासतो. तें योग्यच आहे. पण आपल्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट तपासणारे फार थोडे.

आगींत मनुष्य ज्वाळेनें मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षांत पुष्कळदां तो त्याआधींच धुरानें गुदमरतो. ६ ऑक्टोबर २०२३ रोजीं भल्या पहाटें मुंबईंत गोरेगांव येथें एका इमारतीच्या तळाशीं, जेथें गाड्या उभ्या करीत तेथें, आग लागली. सात जण मृत्यु पावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. आग खालीं आणि माणसें वर, असें असतां हें कसें घडतें? तापलेला धूर वर चढतो, आणि इमारतींत त्याला वर चढण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिना. जिन्याचीं दारें उघडीं असलीं तर तो जिना राहत नाहीं, चुलीवरचें धुराडें होतें. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेनें उंच इमारतींतील आगीच्या जिन्याला दोन तास आग थोपविणारें, आपोआप मिटणारें दार सांगितलें आहे. तें दार वारा यावा म्हणून कुंडी किंवा वीट लावून उघडें ठेवलेलें आढळतें. ती वीट कोणी ठेवली हें मजल्यावर प्रत्येकाला ठाऊक असतें. उचलण्याचा संकोच मात्र सर्वांनाच होतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. घाईच्या वेळीं मनुष्य ज्या वाटेनें आंत आला त्याच वाटेनें बाहेर जाऊं पाहतो. ती बंद असली तर जें पहिलें दार उघडेल त्याच्या आड शिरतो. २०१७ च्या डिसेंबरांत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारांत गच्चीवरल्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मेले. त्यांपैकीं पुष्कळांचे देह स्वच्छतागृहांत सांपडले. पाणी आहे, भिंती आहेत, दार लावतां येतें, एवढ्या विचारानें तीं माणसें तेथें गेलीं असावींत. त्यांना मूर्ख म्हणणें हा अन्याय होईल. अनोळखी जागेंत, अंधारांत, डोळे चुरचुरत असतां कोणीहि तसेंच करील.

आणि तिसरी गोष्ट कुलपाची. न्यूयॉर्क शहरांत २५ मार्च १९११ रोजीं शिवणकामाच्या एका कारखान्यास आग लागली आणि १४६ जणांचा बळी गेला; त्यांत बहुतेक तरुण मुलीच होत्या. एका जिन्याचें दार कुलुपबंद होतें. कामगारांनीं माल चोरून नेऊं नये म्हणून तें बंद ठेवीत असत. आजच्या सोसायटींतहि प्रत्येक कुलपाला असेंच एक समर्पक कारण असतें. गच्चीचें दार बंद, कारण मुलें वर जाऊन धिंगाणा घालतात. मागचें फाटक बंद, कारण रात्रीं पहारेकरी एकच. बाल्कनीला चारी बाजूंनीं लोखंडी जाळी, कारण चोर चढेल, आणि शिवाय वाळवणाला जागा होते. कारणें सगळीं खरीं आहेत. पण तीं सगळीं एकत्र केलीं म्हणजे आपण पगार देऊन आणि वर्गणी काढून स्वतःसाठीं पिंजरा बांधला आहे, असें दिसून येतें.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. गच्चीच्या दाराला आंतून ढकलतांच किल्लीवांचून उघडणारा आडवा दांडा बसवितां येतो. बाहेरून तें बंदच राहतें. आगीची घंटा वाजतांच सुटणारें विजेचें कुलूपहि मिळतें. बाल्कनीच्या जाळीला एक खिडकीएवढें झडप ठेवावें, त्याची किल्ली जवळच पण चोराच्या हाताबाहेर टांगावी, आणि ती कोठें आहे हें घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असावें. आणि जिन्यांत ठेवलेलीं चपलांचीं कपाटें, मुलांच्या सायकली, मोडका पलंग हीं हलविण्यास तर दांडा किंवा घंटा कांहींच लागत नाहीं.

आतां नकाशाकडे वळावें. कित्येक इमारतींत लिफ्टशेजारीं चौकटींत एक कागद दिसतो. तो बांधकामाच्या मूळ आराखड्यावरून छापलेला असतो, त्यांत खांबांचीं मापें असतात, आणि रहिवाशांपैकीं कोणालाहि तो वाचतां येत नाहीं. बाहेर पडण्याचा नकाशा वाचावयाचा असतो तो घाबरलेल्या माणसानें, आणि तोहि एका दृष्टिक्षेपांत. म्हणून त्यांत थोडेंच असावें: आपण कोठें उभे आहों, दोन जिने कोठें आहेत, त्यांकडे जाणारी वाट, आग विझविण्याचीं नळकांडीं, घंटेचें बटण, आणि बाहेर आल्यावर सर्वांनीं जमण्याची जागा.

येथें एक चूक फार होते, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. नकाशाची वरची बाजू उत्तर असें शाळेंत शिकवितात, आणि महाराष्ट्राचा नकाशा वाचतांना तें बरोबरच आहे. पण भिंतीवरच्या या नकाशाला तो नियम लावूं नये. समजा, नकाशा पश्चिमेकडील भिंतीवर टांगला आहे. पाहणाऱ्याचें तोंड अर्थात् पश्चिमेस; त्याच्या उजव्या हातास उत्तर येते. जिना उत्तरेस असेल तर त्यानें उजवीकडे वळलें पाहिजे. आतां नकाशा शाळेच्या रीतीनें काढला असेल तर तोच जिना कागदावर वरच्या टोंकाला दिसतो. म्हणजे पाहणाऱ्याला वाटतें, सरळ समोर चालावें. समोर तर भिंत आहे! शांतपणें बसून हा घोळ उलगडतां येतो. धुरांत उलगडत नाहीं. यासाठीं नियम असा कीं, पाहणाऱ्याच्या समोर जें आहे तेंच कागदाच्या वरच्या बाजूस यावें. अशा नकाशांसंबंधीं जें आंतरराष्ट्रीय मानक आहे, तेंहि हेंच सांगतें. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन नकाशे लावावयाचे असले तर एकाच्या उलट दुसरा फिरवून काढावा लागतो. एकच प्रत छापून सर्वत्र चिकटविणें स्वस्त पडतें, पण निम्म्या ठिकाणीं ती माणसाला उलट दिशेस पाठवील.

नकाशावर शब्द कमी आणि खुणा अधिक असाव्या. हिरव्या पाटीवर दारांतून धांवत जाणारा पांढरा माणूस आपण चित्रपटगृहांत आणि रुग्णालयांत पाहतों, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. जपानांत ओसाका शहरीं १९७२ सालीं सेन्निची नांवाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतींत आग लागली. आग तिसऱ्या मजल्यावर होती. मेले ते सातव्या मजल्यावरील करमणुकीच्या दालनांतले लोक, एकंदर ११८. त्या व तसल्या दुसऱ्या आगींनंतर, अक्षरें न वाचतां समजेल अशी खूण हवी म्हणून तेथें स्पर्धा झाली. युकिओ ओता या चित्रकाराच्या हातून तो धांवता माणूस घडला आणि १९८५ च्या सुमारास तो साऱ्या जगाची खूण झाला. आपल्या इमारतींत घरकामाला येणाऱ्या बायका, रखवालदार, गांवाहून आलेले वडीलधारे या सर्वांनाच इंग्रजी पाटी वाचतां येते असें नाहीं. जे थोडे शब्द लिहावयाचे ते मराठींत व हिंदींत असावे.

परंतु नकाशा काढणाऱ्यानें आधीं चाललें पाहिजे. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दारापासून दोन्ही जिन्यांपर्यंत पावलें मोजावीं, वाटेंत डाव्या हाताला किती दारें लागतात तें मोजावें. धुरांत डोळे निरुपयोगी होतात तेव्हां भिंतीवरून फिरणारा हात दारें मोजूं शकतो. त्यानंतर तळापर्यंत उतरून पाहावें कीं जिना खरोखर बाहेर निघतो, कीं गाड्यांच्या तळांत. तळांत निघत असेल तर गोरेगांवची आठवण ठेवून तेथून उघड्यावर जाण्याची वेगळी वाट आंखावी. चोवीस मीटरांहून उंच इमारतीला त्या उंचीच्या लगत वरच्या मजल्यावर आणि पुढें दर पंधरा मीटरांवर आसऱ्याची मोकळी जागा ठेवावी, असें संहितेंत आहे. ज्यांना इतके जिने उतरवत नाहींत त्यांनीं तेथें थांबावयाचें असतें. ती जागा नकाशावर ठळक हवी. तेथें सोसायटीचें जुनें सामान किंवा गणपतीचा मांडव ठेवलेला असेल तर नकाशाच खोटा ठरतो.

एक सूचना नकाशाच्या खालीं मोठ्या अक्षरांत असावी, कारण ती ऐनवेळीं सुचत नाहीं. लिफ्ट वापरूं नये. जिन्याचें दार उघडण्यापूर्वीं हाताच्या मागच्या बाजूनें त्याला स्पर्श करावा. तें गरम असलें किंवा फटींतून धूर येत असला तर दुसऱ्या जिन्यानें जावें. दोन्ही जिने धुरानें भरले असले तर मात्र घरांत परत फिरावें, दार लावावें, फटींत ओलीं फडकीं कोंबावीं, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशीं उभें राहावें आणि १०१ किंवा ११२ वर आपला मजला व घराचा क्रमांक सांगावा. गच्चीकडे धांवणें हा पहिला विचार असूं नये. धूरहि तिकडेच निघालेला असतो.

महाराष्ट्रांत आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणें ही व्यवस्था चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर आहे, आणि तसें प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावें लागतें. प्रमाणपत्र नळ आणि पंप तपासतें. वृद्ध आजीबाईंना नवव्या मजल्यावरून उतरावयास किती वेळ लागतो हें त्यांत नसतें. तें कळण्यास सरावच हवा, आणि संहितेंत तो निदान सहा महिन्यांनीं एकदां करावा असें आहे. रविवारीं सकाळीं दहा वाजतां, आधीं पत्रक वांटून, चहाच्या आमिषानें केलेल्या सरावांतूनहि कांहीं कळतें. पण अधिक कळतें तें रात्रीं जिन्यांतले दिवे मालवून केलेल्या सरावांतून. १४ एप्रिलपासूनचा आठवडा अग्निशमन सेवेचा म्हणून देशभर पाळतात. १९४४ सालीं त्याच दिवशीं मुंबईच्या गोदींत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवावयास गेलेले ६६ बंबवाले मृत्यु पावले. ज्या सोसायटीला मुहूर्तच हवा असेल तिनें तो धरावा.

सरावाच्या वेळीं एकानें घड्याळ घेऊन खालीं उभें राहावें, एकानें प्रत्येक मजल्याची माणसें मोजावीं. कोणाला उचलून आणावें लागेल, कोण ऐकूं येत नसल्यानें घंटेनें जागे होणार नाहीं, कोणत्या घरीं दुपारीं फक्त लहान मूल आणि सांभाळणारी बाई असते, याची यादी सेक्रेटरीच्या कपाटांत न ठेवतां पहारेकऱ्याच्या खोलींत असावी. कारण बंब येईल तेव्हां फाटकाशीं तोच असतो. आणि नकाशाच्या कोंपऱ्यांत तारीख घालावी. बाराव्या मजल्यावर कोणीं दाराबाहेर नवी जाळी बसविली, मागच्या फाटकासमोर कोणाची गाडी कायमची उभी राहूं लागली, कीं तो कागद जुना झाला. मग पुन्हां एकदां वही-पेन्सिल घेऊन बाराव्या मजल्यापासून खालपर्यंत चालत यावें लागतें.