शार्कला चावणारा झॉम्बी

समुद्राच्या तळाशी एक झॉम्बी. समोरून टायगर शार्क येतो. झॉम्बी त्याला मिठी मारतो आणि चक्क चावा घेतो! शार्कही हिशेब चुकता करतो, झॉम्बीचा हात तोडून नेतो. गंमत म्हणजे शार्क खरा आहे. प्रेताच्या मेकअपमध्ये आहे रामोन ब्राव्हो, पाण्याखाली चित्रीकरण करणारा मेक्सिकन छायाचित्रकार.

चित्रपट लुचो फुल्चीचा, ‘झॉम्बी २’, साल १९७९. मग ‘झॉम्बी १’ कुठाय? तो फुल्चीचा नव्हताच! जॉर्ज रोमेरोचा अमेरिकन ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झॉम्बी’ या नावाने लागला होता. इटालियन निर्मात्यांनी परस्पर त्याचा दुसरा भाग काढून टाकला.

पुढची काही वर्षं इटालियन भयपटांनी नुसता धुमाकूळ घातला. खिशात पैसे बेताचे, पण हौसेला मोल नाही. फुल्चीच्या ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९८०) खिडकीतून अळ्यांचं वादळ घुसतं. त्या अळ्या जिवंत होत्या, पंखे लावून नटांच्या तोंडावर उडवलेल्या. ‘द बियॉन्ड’मध्ये (१९८१) कोळी माणसाचा चेहरा कुरतडतात. काही कोळी खरे, काही खोटे. खोटे कुठले ते शेंबडं पोरही सांगेल, तरी नजर हटत नाही. दारिओ आर्जेंतोच्या ‘फिनॉमिना’त (१९८५) किड्यांशी मनोमन बोलणारी मुलगी आहे, वस्तरा परजणारी चिंपांझी आहे आणि वर आयर्न मेडनचं हेवी मेटल!

संवाद कधीकधी ओठांशी जुळत नाहीत, त्यालाही कारण आहे. नट वेगवेगळ्या देशांतून आलेले. अनेकदा ज्याला जी भाषा येते ती तो बोलणार. आवाज नंतर स्टुडिओत चढवायचे.

या चित्रपटांत आधी सुचतं दृश्य. कथा मागून धापा टाकत येते. स्वप्नात आपण ‘असं कसं?’ विचारत नाही, तीच मुभा इथे दिग्दर्शक घेतो.

लाम्बेर्तो बावाचा ‘डेमन्स’ (१९८५) पाहा. बर्लिनमधलं थिएटर, फुकट तिकिटं, दर्शनी भागात टांगलेला मुखवटा. तो तोंडाला लावणाऱ्या बाईचा गाल खरचटतो आणि थोड्याच वेळात तिचा राक्षस होतो. बाहेर पळावं तर दारांमागे भिंती! नायक मोटरसायकल खुर्च्यांवरून दामटत तलवारीने राक्षस कापत सुटतो. तेवढ्यात छत फोडून हेलिकॉप्टर कोसळतं. कुठून आलं? का आलं? चित्रपट अवाक्षर काढत नाही. आपण विचारणार, तोवर नायकाने त्याचं पातं फिरवून पुढचे राक्षस कापायला घेतलेले असतात.