पूल टेबल हलवताना ओरखडा पडला? आधी कापडाखालची स्लेट तपासा

जळगाव ते धुळे अंतर जेमतेम ९० किलोमीटर. एरंडोल, पारोळा मागे टाकत टेम्पो काही तासांत पोहोचतो. क्लबची जागा बदलली किंवा जुने पूल टेबल विकत घेतले, की ते याच रस्त्याने येते. उतरवल्यावर पहिली नजर जाते लाकडी कडेवरच्या ओरखड्याकडे आणि टेम्पोवाल्याशी वाद तिथेच सुरू होतो. खरे तर तो ओरखडा सर्वांत स्वस्तातले नुकसान आहे. महागाचे नुकसान कापडाखाली लपलेले असते.

कापडाखाली काय असते?

चांगल्या टेबलात स्लेट, म्हणजे पाटीचा दगड असतो. ८ फुटी पूल टेबलात साधारण १ इंच जाडीचे ३ तुकडे बसवतात. एकेक तुकडा ६५-७० किलोच्या घरात जातो. स्नूकरच्या १२ फुटी टेबलात ५ तुकडे असतात आणि अख्खे टेबल टनाच्या वर भरते. त्यामुळे चार हमाल लावून टेबल आहे तसे छोट्या हत्तीत चढवणे ही पहिली चूक. कापड काढावे, तुकड्यांवर क्रमांक टाकावेत, काचेसारखे उभे धरून उचलावेत आणि मध्ये जुन्या गोधड्या घालाव्यात.

नुकसान किती, कसे ओळखाल?

स्लेट पुन्हा बसवल्यावर सांध्यावरून जुने एटीएम कार्ड आडवे सरकवा. ते अडखळले तर एक तुकडा वर आहे. पाणसाळ लावून खालच्या तुकड्याखाली पातळ लाकडी पाचर घालतात. कारागीर पत्त्यांचे तुकडेही वापरतात, आणि ते चालते. कडेचा लहानसा टवका पुटीने भरून सपाट घासता येतो. तुकड्याला आरपार तडा गेला असेल तर मात्र पुटीवर विसंबू नका, जाणकार फिटरला दाखवा.

सांधे भरायला अनेक ठिकाणी मधमाशांचे मेण वापरतात. ते वितळते ६२-६४ अंशांना, पण मऊ त्याच्या बरेच आधी पडते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे झुकतो. पत्र्याच्या शेडमधल्या टेबलावर मेण दबून सांध्यात खाच पडू शकते. अशा जागी कडक होणारी पुटी बरी. पुढच्या वेळी टेबल हलवताना ती खरवडायला त्रास होईल, एवढेच.

एमडीएफच्या स्वस्त टेबलाचे गणित वेगळे. पावसात भिजून फळी फुगली, की ती पूर्ववत सपाट होत नाही. ती बदलावीच लागते.

कापड आणि लाकूड

कापडावरचे बारीक पांढरे ठिपके प्रवासात पडत नाहीत. जोरात मारलेल्या चेंडूच्या घर्षणाने ते आधीच पडलेले असतात. त्याचे खापर टेम्पोवाल्यावर फोडू नका. धूळ मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा, ओले फडके नको. अगदी लहान चीर खालून पट्टी चिकटवून धरता येते, पण खेळाच्या मधोमध असेल तर कापड बदललेलेच बरे. जुने, सैल झालेले कापड काढलेच आहे, तर तेच पुन्हा ताणण्यात फारसा अर्थ नाही.

लाकडावरच्या ओरखड्याला जुळत्या रंगाची मेणकांडी पुरते. आधी आतल्या बाजूला लावून रंग पाहा.

भरपाई मिळते का?

निघण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. ट्रान्सपोर्ट कंपनीमार्फत माल पाठवला असेल, तर बिल्टीवर टेबलाची किंमत लिहून घ्या आणि माल उतरवताना दिसलेले नुकसान पोहोचपावतीवर लिहूनच सही करा. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ नुसार दावा लावण्याआधी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. जास्त जोखमीचा दर ठरलेला नसेल, तर भरपाई सहसा भाड्याच्या १० पटींपर्यंतच मिळते, आणि तीही बिल्टीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही.